वीस रुपये घेणारा मेकॅनिक



गॅरेज टाकायचंय, किती भांडवल लागेल, मुद्रा लोन होईल का, जागा हायवेला घेऊ की गावात? व्हिडिओखाली हे प्रश्न सारखे येत असतात, आणि त्यातले बरेच पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या मुलांचे असतात. त्यांना मी जागा, हत्यारं, उद्यम नोंदणी, जिल्हा उद्योग केंद्र असं सगळं सांगत आलोय. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली होती, कारण ती मलाच कळली नव्हती. कळली ती कार्लेखिंडीच्या चढावर, भर दुपारी बंद बाईक ढकलताना.

माझ्याकडे एक जुनी शंभर सीसीची बाईक आहे. कार्बोरेटरवाली. पेणला टाकी फुल केली आणि अलिबागकडे निघालो. वडखळ गेलं, पोयनाड गेलं, गाडी मस्त. खिंडीचा चढ लागला तशी गाडी उचलेना. झटके, मग एकदम बंद. दहा मिनिटं थांबून किक मारली तर चालू! पुढे चार-पाच किलोमीटर गेली आणि परत तेच.

पहिल्या गॅरेजवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ट्यूनिंग गेलंय." कार्बोरेटर काढला, हवा मारली, स्क्रू फिरवला, तीनशे रुपये. दोन दिवस गाडी बरी चालली. पुन्हा टाकी भरली, पुन्हा बंद. दुसऱ्याने सांगितलं की कार्बोरेटरच संपलाय, नवीन टाका. बावीसशे. आठवडाभर समाधान. मग रेवदंड्याला जाताना चौलच्या अलीकडे परत तोच तमाशा. रस्त्याला लागून पत्र्याची शेड होती, आत पंचविशीतला एक मुलगा. गाडी ढकलत तिथे नेली.

त्याने पाना उचललाच नाही. आधी विचारलं, "काका, टाकी फुल केली का लवकर बंद पडते काय?" मी म्हटलं हो, बहुतेक. "आणि थांबली का परत चालू होते?" हो. त्याने टाकीच्या झाकणाला चावी लावली आणि मला म्हणाला, "कान द्या." झाकण उघडताना 'फुस्स' असा आवाज आला. टाकी हवा आत ओढत होती.

टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा त्यातून आत यायला हवी. भोक बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. टाकी फुल असताना वर मोकळी जागा थोडी, म्हणून ओढ लवकर तयार होते. थांबलं की हवा हळूहळू कुठून तरी झिरपते आणि गाडी चालू होते. माझ्या झाकणाच्या भोकात धूळ, मेण आणि खाऱ्या हवेने आलेला गंज यांचा लगदा बसला होता. त्याने झाकण खोललं, धुतलं, हवा मारली आणि बसवलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

किती झाले? "द्या वीस रुपये."

मी त्याच्यावर चिडलो. खरंच चिडलो. तो बिचारा गोंधळला, म्हणाला, "काका, पार्ट काय टाकलाच नाय, तर पैसे कसले घेऊ?"

हिशोब बघा. ज्यांना बिघाड सापडला नाही त्यांनी माझ्याकडून अडीच हजार नेले. ज्याला सापडला त्याला वीस मिळाले. आणि पहिल्या दोघांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांना जे वाटलं ते त्यांनी केलं, आणि जे केलं त्याचे पैसे घेतले. चूक तिसऱ्याची होती, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण आपण नक्की काय विकतो हे त्याला माहीतच नव्हतं. तो पार्ट विकत नव्हता, मजुरीही विकत नव्हता. बिघाड कुठे आहे हे शोधून देणं हा त्याचा माल होता आणि तोच माल तो फुकट वाटत होता. आपल्याकडची अर्धी छोटी गॅरेजं अशीच चालतात आणि मग दोन पावसाळ्यांत बंद पडतात. शटर ओढून मुलगा पनवेलला कंपनीत लागतो आणि लोक म्हणतात, धंद्यात राम नाही.

त्यानंतर मी त्याच्याकडे पाच-सहा वेळा जाऊन बसलो. चहा घ्यायचा आणि बघत राहायचं. मी मेकॅनिक नाही, पण धंदा कसा चालतो हे बघायची सवय आहे. तिथे जे दिसलं ते आज लिहितोय.

'ट्यूनिंग' हा शब्दच घात करतो

गिऱ्हाईक येतं तेच सांगत, "दादा, जरा ट्यूनिंग करून द्या." म्हणजे रोगाचं नाव आणि औषध दोन्ही तोच सांगतो. आणि मेकॅनिक लगेच स्क्रूला हात घालतो. बहुतेक वेळा तिथेच काम बिघडतं. स्क्रू फिरवून गाडी तात्पुरती सुधारते, कारण एका बिघाडावर दुसरा बिघाड चढवून तोल साधला जातो. कार्बोरेटर आणि इंजिनमधलं रबर चिरलंय, तिथून फुकटची हवा आत जातेय, म्हणून तुम्ही पेट्रोल वाढवलं. गाडी शांत झाली. पण चीर वाढतच राहणार. महिन्याने तोच माणूस परत येणार, आणि या वेळी तुमच्याकडे नाही, शेजारच्याकडे जाणार.

हा मुलगा स्क्रूपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो. त्याआधीचा त्याचा क्रम ठरलेला आहे, फक्त तो त्याने कुठे लिहिलेला नव्हता. आधी प्रश्न. कधीपासून, थंड असताना की तापल्यावर, स्लोला की जोरात पळवताना, पेट्रोल कुठे भरलं, गाडी उभी किती दिवस होती. मग मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवायचं. माझा पहिला प्रश्न हाच होता, की पेट्रोलच्या तक्रारीत चाकाचं काय काम? तर आमच्या किनाऱ्यावर ड्रम ब्रेकचा कॅम गंजून अडकतो, ब्रेक अर्धवट धरलेलाच राहतो, आणि माणूस येतो 'ॲव्हरेज पडलंय, कार्बोरेटर बघा' म्हणत. टायरमध्ये हवा कमी असेल तर तेच. मग एअर फिल्टर. नागाव, आक्षी, किहीमची बारीक वाळू आणि पावसाळ्यातली ओल मिळून फिल्टरची पार गोधडी होते. हवा कमी, म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे काळा धूर. त्यावर स्क्रू फिरवून काय होणार?

मग प्लग. प्लगचं टोक पांढरं फटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त येतेय. काळी काजळी असेल तर उलट. विटकरी-तपकिरी असेल तर जळण ठीक आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. मग टॅपेट. ते घट्ट असतील तर गाडी गरम झाल्यावर स्लोला थांबतच नाही, तुम्ही कितीही ट्यूनिंग करा.

रबराची चीर शोधायला काही जण चालू, तापलेल्या इंजिनवर पेट्रोल शिंपडतात. कृपा करून हे करू नका. गॅरेज जळेल, तुम्हीही जळाल. हा मुलगा साबणाचं पाणी वापरतो. चालू गाडीत रबरावर फवारलं आणि रेस बदलली, बुडबुडे आत ओढले गेले, की चीर तिथेच. गिऱ्हाइकालाही डोळ्यांनी दिसते. हे 'दिसणं' धंद्याच्या दृष्टीने फार मोलाचं आहे, त्यावर पुढे बोलतो.

आणि पाणी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. टाकीच्या झाकणाभोवती साचलेलं पाणी बाहेर जायची वाट बुजली की ते टाकीत उतरतं. मग कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढायचं आणि दोन मिनिटं ठेवायचं. खाली वेगळा थर बसला, तर पाणी. तांबूस चुरा बसला, तर टाकी आतून गंजलीय. टाकी गंजलेली असताना नुसता जेट साफ करून देणं म्हणजे गिऱ्हाइकाला पुढच्या बिघाडाची तारीख देणं. (बाटली उघडी असताना शेजारी कोणी बिडी ओढत नाही ना, एवढं बघा. हसू नका, मी बघितलंय.)

हे सगळं नीट निघालं तरच कार्बोरेटर. तिथेही तो ॲक्सिलरेटरच्या मुठीला कागदी चिकटपट्टी लावतो, खुणा करतो आणि गिऱ्हाइकाला चक्कर मारायला सांगतो. झटका कोणत्या खुणेवर येतो? मूठ बंद ते अगदी थोडी उघडी, तर पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू. पाव ते पाऊण, तर सुई आणि तिची क्लिप. त्याच्या वर पूर्ण उघडीपर्यंत, तर मेन जेट. म्हणजे कार्बोरेटर खोलायच्या आधीच त्याला माहीत असतं की आत काय बघायचंय. जेट साफ करायला क्लचच्या वायरची तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी जन्मभर पेट्रोल पिते. हवा आणि क्लीनर, बस.

मिक्श्चर स्क्रू काढायच्या आधी तो पूर्ण आत फिरवून फेरे मोजतो आणि जमिनीवर खडूने लिहितो. दीड, पावणेदोन, जे असेल ते. म्हणजे चुकलं तर मूळ जागी परत येता येतं. आणखी एक गंमत. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पेट्रोल कमी पडतं. दहा-दहा वर्षं काम केलेले लोक यात उलटा स्क्रू फिरवताना मी बघितलेत.

"पण सर, आता तर सगळ्या इंजेक्शनच्या गाड्या"

बरोबर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या बाइक बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. तिथे फिरवायला स्क्रूच नाही. थ्रॉटल बॉडीवर एखादा सीलबंद स्क्रू दिसला तर त्याला हात लावायचा नाही. हवेचं आणि पेट्रोलचं गणित कंट्रोल युनिट करतं, सेन्सर सांगतील त्यावरून.

मग मुलं मला विचारतात, स्कॅनर घेऊ का? माझं उत्तर: आधी मल्टिमीटर घे. काही शे रुपयांत येतो. इंजेक्शनच्या गाडीला बॅटरी बारीक झालेली चालत नाही. चांगली चार्ज बॅटरी बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या वर दाखवायला हवी, आणि चालू गाडीत थोडी रेस दिली की चौदाच्या आसपास. ते नसेल तर स्कॅनर तुम्हाला दहा खोट्या गोष्टी सांगेल. मग चावी फिरवून कान द्या, पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो का? डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागून विझतो, की चालू गाडीतही पेटलेला राहतो? बऱ्याच मॉडेलमध्ये तो दिवा लांब-आखूड लुकलुकून कोड सांगतो, त्याचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

आणि समुद्रकाठी एक खास दुखणं आहे. कनेक्टर. खारी हवा तांब्याला खाते, पिन हिरव्या पडतात, सेन्सर चांगला असूनही त्याचा निरोप नीट पोचत नाही. गाडी कधी बरी, कधी वाईट. शहरातला मेकॅनिक सेन्सर बदलून मोकळा होतो. तुम्ही आधी कनेक्टर काढा, बघा, साफ करा, परत लावा. मुरूडला किंवा दिवेआगरला घराबाहेर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे सगळ्यात आधी बघायला हवं. स्कॅनर घ्याच, पण सहा महिन्यांनी, कोणत्या कंपनीच्या गाड्या तुमच्याकडे जास्त येतात हे वहीत दिसल्यावर.

पेट्रोलच खराब आहे साहेब

हे वाक्य सध्या फार चाललंय. २०२३ साली फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल बाजारात यायला सुरुवात झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. तेव्हापासून मेकॅनिकला हक्काचं कारण मिळालं.

यात खरं काय आहे? एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ किलो. म्हणजे त्याच जेटमधून हे नवं पेट्रोल गेलं की हवा थोडी जास्त ठरते. जुनी कार्बोरेटरची गाडी सकाळी चालू व्हायला कुरकुर करेल, पिकअप घेताना अडखळेल. तिथे स्क्रू किंचित फिरवणं रास्त आहे. जुनी रबरं, वॉशर फुगतात, चिरतात, हेही आहे. इथेनॉल पाणी धरतं, आणि आपल्या हवेत पाण्याला काय तोटा?

पण ॲव्हरेजचा हिशोब करा. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी. वीस टक्के मिसळलं तर एकूण सहा-सात टक्के कमी. साठ देणारी गाडी छप्पन देईल. ती बेचाळीस देत असेल तर उरलेले चौदा किलोमीटर पेट्रोलने खाल्लेले नाहीत. ते अडकलेल्या ब्रेकने, घाण फिल्टरने, घसरणाऱ्या क्लचने खाल्लेत. हे गणित गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडणारा मेकॅनिक आणि "पेट्रोलच खराब" म्हणून हात झटकणारा मेकॅनिक, यात पुढच्या वेळी माणूस कोणाकडे जाईल?

आता पैशाचं बोलू

त्या मुलाला मी वही घ्यायला लावली आणि विचारलं, महिन्याला दुकान उघडायला किती लागतात? त्याने कधी बेरीजच केली नव्हती. त्याचे खरे आकडे इथे देत नाही, पण अशा शेडचे साधारण असे धरू: भाडं चार हजार, वीज दीड हजार, हाताखालचा पोरगा नऊ हजार, फोन, चहा, फडकी, साबण, हत्यारांची झीज असे साडेतीन हजार. झाले अठरा. स्वतःचा पगार वीस हजार. (स्वतःचा पगार धरायचाच. 'उरेल ते माझं' म्हणणाऱ्याचं काहीच उरत नाही, हे मी किती व्हिडिओत ओरडून सांगितलंय.) एकूण अडतीस हजार. महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाला खऱ्या कामाचे सहा तास. एका तासाची किंमत आली जवळजवळ दोनशे चव्वेचाळीस रुपये.

म्हणजे चाळीस मिनिटं लावून तुम्ही बिघाड शोधला तर तुमचे एकशे साठ रुपये खर्च झालेत. नफा वेगळाच. वीस घेतलेत तर एकशे चाळीस रुपये तुम्ही खिशातून गिऱ्हाइकाला दिलेत.

म्हणून माझं म्हणणं: तपासणीचे पैसे वेगळे लावा. पाटीवर लिहा, 'तपासणी १५० रुपये', आणि गाडी आत घ्यायच्या आधी सांगा. पुढचा प्रश्न नेहमी येतो, काम केलं तर ते दीडशे बिलातून वजा करू का? बरेच ट्रेनर सांगतात करा, गिऱ्हाईक खूश होतं. मी सांगतो, करू नका. ज्या दिवशी तुम्ही वजा करायला लागाल त्या दिवसापासून काम निघावं असं तुम्हाला वाटायला लागेल. झाकणाचं भोक बुजलेलं दिसेल आणि तरी हात कार्बोरेटरकडे जाईल. तपासणीचे पैसे सुटे ठेवले की 'काही बदलायची गरज नाही' हे सांगताना पोटात दुखत नाही.

"आपल्याकडे गिऱ्हाईक देणार नाही, सर." मला माहीत होतं हे येणार. अहो, डॉक्टर नाडी बघायचे पैसे घेतो आणि गोळ्या मेडिकलमधून आणायला लावतो, तिथे आपण भांडतो का? फ्रिजवाला घरी आला की व्हिजिट चार्ज देतोच ना? मेकॅनिकला देत नाही कारण मेकॅनिकने कधी मागितलेच नाहीत. आणि मागायचे तर दाखवावं लागतं. साबणाचे बुडबुडे दाखवा, बाटलीतला गंज दाखवा, काळा प्लग हातात द्या, मीटरवरचा आकडा वाचायला लावा. गिऱ्हाईक डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीचे पैसे देतं. आणि एक चिठ्ठी. काय तक्रार, काय काय बघितलं, काय सापडलं, स्क्रू किती फेऱ्यांवर होता आणि किती ठेवला. त्याची एक प्रत तुमच्या वहीत. पुढच्या वर्षी तीच गाडी आली की तुमचे पंधरा मिनिटं वाचतील.

एक धोका सांगतो. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, तेव्हापासून मुंबईची माणसं स्वतःच्या गाड्या घेऊन येतात. शनिवारी दुपारी एखादा बाईकवाला बायको-पोराला घेऊन उन्हात अडकलाय, तुमच्या दारात ढकलत आलाय. दीडशेचे पाचशे सांगायचा मोह होणार. सांगू नका. पाटीवरचा दर गावकऱ्याला तोच आणि मुंबईकराला तोच. मोबाईलवर रिव्ह्यू लिहायला त्याला परतीच्या बोटीत एक तास मिळतो, हे लक्षात ठेवा.

उलट याच मुंबईकरांत एक बारमाही काम आहे, जे कोणी नीट धरलेलं नाही. किहीम, आवास, झिराडला बंगले आहेत, बंगल्यांत बाइक-स्कूटर आहेत आणि त्या महिनोन्महिने उभ्या असतात. उभ्या गाडीत पेट्रोल चिकट होतं आणि सगळ्यात आधी पायलट जेट बुजतो. गणपतीत मालक येतो, गाडी चोक दिल्याशिवाय चालत नाही, आणि बंगल्याचा माळी मेकॅनिकला शोधत फिरतो. ही धावपळ होऊ द्यायचीच नाही. मे महिन्याच्या शेवटी स्वतः जा: कॉक बंद, कार्बोरेटरची वाटी रिकामी, बॅटरीची तार काढलेली, झाकणाची भोकं मोकळी, गाडी स्टँडवर आणि झाकलेली. सप्टेंबरला परत जाऊन चालू करून द्या. वर्षाचा एक ठराविक आकडा, अर्धा आधी. पावसाळ्यात पर्यटक नसतात म्हणून रडणाऱ्या गॅरेजला जून महिन्यात हातात पैसे म्हणजे काय, ते ज्याने भाडं थकवलंय त्याला विचारा.

त्या मुलाने पाटी लावली. मी गेलो होतो त्याच्या पुढच्याच आठवड्यात. त्याच्या वडिलांना ते अजिबात पटलं नाही. म्हणाले, गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाय. पहिल्या चार दिवसांत तिघं पाटी वाचून निघून गेले, त्यातला एक तर त्याचा चुलत मामा. रात्री त्याने मला फोन केला, आवाज पडलेला. मी म्हटलं पंधरा दिवस थांब, तोवर दुकानात रोज किती गाड्या आल्या ते फक्त लिही.

पंधरा दिवसांनी वही व्हॉट्सॲपवर आली. गाड्या आधीपेक्षा कमी होत्या. गल्ला थोडा जास्त होता. आणि सगळ्यात खाली त्याने लिहिलं होतं, "मामा परत आला. दुसरीकडे प्लग आणि कॉइल बदलली तरी मिसिंग जात नव्हतं. टॅपेट घट्ट होते. दीडशे घेतले." त्यापुढे कंसात, "मामीने चहा पाजला, मामा बोलला नाय."

तपासणीच्या चिठ्ठीचा नमुना त्याच्या परवानगीने व्हिडिओखाली टाकलाय, एका पानाचा आहे. छापायला देताना वरचं नाव बदला, आणि 'स्क्रूचे फेरे' हा रकाना काढू नका.